छताचा हक्क आणि छताचे कर्तव्य

घर विकत घ्यावयाचे झाले की माणूस मोठा चौकस होतो. पाणी किती वेळ येते, शेजार कसा आहे, शाळा आणि बाजार किती अंतरावर आहेत, मालकीहक्काची कागदपत्रे स्वच्छ आहेत ना, अशी सारी चौकशी तो करतो. दिल्लीत या यादीत आणखी एका बाबीची भर पडते. येथे एकेका लहान भूखंडावर तीन-चार मजले उभे राहतात, प्रत्येक मजल्याचा मालक बहुधा वेगळा असतो आणि ‘छताचा हक्क’ कोणाकडे राहणार, हे विक्रीखतात स्वतंत्रपणे नमूद केलेले असते. त्या हक्काला किंमत असते आणि त्यावरून भाऊबंदकीही होते. बँकेच्या सेवेत असताना अशी कितीतरी विक्रीखते माझ्या नजरेखालून गेली. मात्र त्या छतातून खालच्या खोलीत किती उष्णता उतरते, हा प्रश्न विक्रेत्याने, खरेदीदाराने, मूल्यांकन करणाऱ्या अभियंत्याने किंवा मी स्वतः कधीही विचारला नाही. तो विचारावयास हवा होता, असे आज मला ठामपणे वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बरसातीतले दोन विद्यार्थी

निवृत्तीनंतर मी करोल बागेतच स्थायिक झालो. हा भाग माणसांना सामावून घेणारा. १९११ साली राजधानी दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. नव्या दिल्लीच्या उभारणीसाठी उठविलेल्या वस्त्यांतील लोकांना १९२० च्या दशकात ज्या भागांत वसविण्यात आले, त्यांत करोल बाग होता. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथे बाजारपेठ उभी केली. बदलीवर आलेल्या मराठी नोकरदारांनीही पहाडगंज आणि करोल बाग हे आपले मुक्काम मानले. पहाडगंजातील नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन ही त्याची साक्ष. आता शेजारच्या जुन्या राजेंद्र नगरातील स्पर्धा परीक्षांच्या वर्गांमुळे महाराष्ट्रातील शेकडो मुले-मुली या परिसरात खोल्या शोधत येतात.

अशीच दोन मुले, एक नांदेड जिल्ह्यातला व एक साताऱ्याकडचा, माझ्या गच्चीवरील बरसातीत भाड्याने राहत होती. बरसाती म्हणजे गच्चीवर बांधलेली एकटी खोली. उन्हाळ्यात गच्चीवर झोपावे आणि पाऊस आला तर खाटा आत ओढाव्यात, एवढ्यासाठी ती पूर्वी बांधली जाई. बारा महिने, चोवीस तास कोणी तेथे राहील, अभ्यास करील, अशी कल्पना ती बांधणाऱ्यांनी केली नव्हती. भाडे कमी म्हणून आज ती विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते.

२०२४ चा उन्हाळा दिल्लीकर विसरणार नाहीत. २९ मे रोजी सफदरजंग येथील वेधशाळेत कमाल तापमान ४६.८ अंश सेल्सिअस नोंदले गेले. मी मुलांना एक कूलर आणून दिला आणि आपली जबाबदारी संपली, असे मानले. जूनमधील एका रात्री साताऱ्याचा मुलगा धावत खाली आला. “काका, जरा वर या. याला चक्कर येतेय, उलट्या थांबत नाहीत.” आम्ही त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. उष्णतेमुळे शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. दीड दिवसाने तो बरा होऊन परतला. त्याच्या आईचा दूरध्वनी आला. त्या माउलीने तक्रारीचा शब्दही काढला नाही; एवढेच म्हणाली, “तुमच्या भरवशावर लेकरू ठेवलंय, काका.”

त्याच रात्री अकरा वाजता मी बरसातीत गेलो होतो. बाहेर गच्चीवर जी काही झुळूक होती, ती आत नव्हती. खुर्चीवर उभा राहून मी छताला तळहात लावला आणि चटका बसून तो मागे घेतला. सूर्य मावळून चार तास झाले होते. भाडे मी घेत होतो, छताचा हक्क माझ्याच नावावर होता; त्या छताखाली झोपणारी मुले मात्र दुसऱ्याची होती.

उष्णता येते कोठून?

आपण उकाड्याचा दोष हवेला देतो. वरच्या मजल्यावर खरा अपराधी छत असते. दिल्लीत जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर असतो. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरपे पडते, छतावर मात्र सरळ कोसळते. सिमेंटची करडी गच्ची त्यातील बहुतेक उष्णता शोषून घेते. सहा इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून ती खाली पोहोचण्यास चार-पाच तास लागतात. त्यामुळे दुपारी तापलेले छत संध्याकाळी आणि रात्री, माणूस विश्रांतीसाठी टेकतो नेमक्या त्या वेळी, शेगडीसारखे वागू लागते. पंखा ती छताजवळची तप्त हवाच खाली ढकलत राहतो.

थोडा हिशेब मांडू. आत-बाहेर एका अंशाचा फरक असता छताच्या एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, यास अभियंते ‘यू-मूल्य’ म्हणतात. उघड्या काँक्रीट स्लॅबचे हे मूल्य सुमारे ३ असते. खोली ३०० चौरस फुटांची, म्हणजे २८ चौरस मीटरची आहे. उन्हाने छताचा वरचा भाग ६० अंशांसारखा तापला आहे आणि आत ३० अंश हवे आहेत, असे धरा. तीन गुणिले अठ्ठावीस गुणिले तीस, म्हणजे सुमारे अडीच हजार वॅट उष्णता एकट्या छतातून आत येते. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राची क्षमता सव्वापाच हजार वॅटच्या आसपास असते. म्हणजे त्याची जवळजवळ निम्मी ताकद केवळ छताशी झुंजण्यात खर्च होते. हिशेब ढोबळ आहे, परंतु त्यातून रोगाचे मूळ दिसते. छतावर चार सेंटिमीटर जाडीचा चांगला उष्णतारोधक थर बसविल्यास हेच यू-मूल्य ०.७ च्या खाली येते आणि अडीच हजार वॅटचे सहाशेहून कमी होतात.

आपले पूर्वज आणि त्यांचे छत

ही विद्या आपल्याला नवी नाही. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे. भर चैत्रातही आत शिरताच अंगाला गारवा जाणवे. कोकणातील कौलारू घराला माळा असे. कौलांखालची तापलेली हवा माळ्यावरच राही, फटींतून बाहेर पडे आणि खालची माजघराची खोली निवांत असे. दिल्लीच्या जुन्या घरांतही लोखंडी गर्डरवर दगडी फरशा, त्यावर मातीचा थर आणि वर विटांच्या चपट्या फरशा अशी रचना असे. ‘मड फुस्का’ नावाने ती अजूनही ओळखली जाते. जुनी घरे पाडून नवे मजले चढविताना आपण ही माती काढून टाकली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही.

तथापि, जुने ते सर्व सोने, असेही मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे प्राणास मुकली, ती अनेक ठिकाणी दगडी भिंतींखाली आणि याच जड माळवदांखाली गाडली गेली. दहा सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १६० किलो भरते. दिल्लीही भूकंपप्रवण पट्ट्यात आहे. पूर्वजांचा हेतू घ्यावा आणि वजन टाळावे, हा शहाणपणाचा मार्ग होय.

निवड कशी करावी?

बाजारात गेल्यावर ग्राहक गोंधळतो, कारण प्रत्येक विक्रेता आपलाच माल सर्वोत्तम म्हणून सांगतो. माझ्या समजुतीप्रमाणे निवडीची पायरी अशी असावी.

पहिली पायरी पांढऱ्या रंगाची. चुन्याची सफेदी किंवा ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग, अथवा पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. पांढरी गच्ची ऊन आत घेण्यापूर्वीच परतवून लावते. खर्च अल्प असतो आणि परिणाम त्याच आठवड्यात जाणवतो. अहमदाबादने २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचा उपक्रम राबविला. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये शीतल छतांचे धोरणच जाहीर केले. मर्यादा एवढीच की दिल्लीच्या धुळीने हा पांढरेपणा लवकर मळतो. गच्ची धुवावी लागते आणि सफेदी दर वर्षी नव्याने द्यावी लागते. शिवाय जानेवारीच्या थंडीत तिचा काही उपयोग नाही.

दुसरी पायरी स्लॅबच्या वर बसविण्याच्या उष्णतारोधक थराची. यात पफ, एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन आणि साधा थर्मोकोल असे पर्याय आहेत. पहिले दोन अधिक परिणामकारक व दाट असतात. एक्स्ट्रूडेड प्रकार पाणी फारसे शोषत नाही, म्हणून गच्चीसाठी तो भरवशाचा. थर्मोकोल स्वस्त, पण ओलावा धरतो आणि ओला झालेला थर निरुपयोगी ठरतो. दिल्लीसारख्या, उन्हाळाही कडक आणि हिवाळाही कडक अशा शहरात हा थर दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो. तोच थर खुद्द स्लॅबलाही उन्हापासून वाचवितो. रोजच्या तापण्या-निवण्याने पडणाऱ्या भेगा कमी होतात.

तिसरा पर्याय आतून खोटे छत लावण्याचा. गच्चीवर आपला हक्क नसेल तर हाच मार्ग उरतो. परंतु त्याने खोलीची उंची कमी होते, स्लॅब तापतच राहतो आणि आगीचा धोका विचारात घ्यावा लागतो. करोल बागेतील एका हॉटेलला १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे लागलेल्या आगीत १७ जणांचा बळी गेला. ती आठवण असणाऱ्या कोणीही झोपण्याच्या खोलीत डोक्यावर उघडा थर्मोकोल किंवा उघडा फोम लावू नये. आतून करावयाचे तर न जळणारी खनिज लोकर आणि जिप्समचे तक्ते वापरावेत, विजेच्या तारा नळीतून न्याव्यात.

चौथा पर्याय सावलीचा. ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि गच्चीवरील सौर पट्ट्यांसाठी अनुदान मिळू लागले. हे पट्टे वीज देतात आणि खालच्या स्लॅबला सावलीही देतात. मात्र उष्णतारोधक थर बसवावयाचा असेल तर तो आधी, पट्टे नंतर. उलट केल्यास दुप्पट खर्च.

काम करवून घेताना

माझ्या अनुभवाने सांगतो, या कामात माल जितका महत्त्वाचा तितकाच क्रम. माझ्याकडे आलेल्या पहिल्या मिस्त्रीने थेट थर टाकण्याची घाई केली, दुसरा वृद्ध मिस्त्री म्हणाला, “बाबूजी, आधी पाण्याचा बंदोबस्त, मग उन्हाचा.” त्याचेच खरे होते.

प्रथम इमारतीची तब्येत अभियंत्याकडून तपासून घ्यावी. थर हलका असला तरी त्यावरील चार सेंटिमीटर सिमेंटचा कोबा चौरस मीटरला सुमारे ९० किलो भार टाकतो. जुन्या दगडी छतावर तो पेलेल की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये करोल बागेच्याच बापा नगरात इमारत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला, हे विसरता येत नाही. त्यानंतर जुना सुटलेला गिलावा काढून भेगा भराव्यात, पाणी वाहून जाण्यासाठी शंभरास एक इतका तरी उतार ठेवावा, गच्ची आणि कठडा जुळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोलावा करून वॉटरप्रूफिंग कठड्यावर वीतभर चढवावे. मग गच्चीत दोन दिवस पाणी साठवून खाली गळते का ते पाहावे. ही चाचणी झाल्याशिवाय पुढचे पैसे देऊ नयेत.

त्यानंतर तक्ते विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधे चुकवून, एकमेकांस भिडवून बसवावेत व सांधे बंद करावेत; उघड्या फटीतून उष्णता वाट काढतेच. त्यावर प्लॅस्टिकची चादर, जाळी घातलेला कोबा आणि शेवटी पांढरी फरशी. मालाची जाडी आणि घनता पावतीवर लिहून घ्यावी. ‘चांगल्यातला आहे’ या शब्दावर विसंबू नये. काम पावसाळा संपल्यावर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे, जूनच्या तोंडावर नव्हे. माझे काम २०२५ च्या मार्चमध्ये पूर्ण झाले.

हिशेबाची दुसरी बाजू

बँकेच्या मासिकात परताव्याचा प्रश्न येणारच. समजा, या थरामुळे वातानुकूलन यंत्र दररोज दोन तास कमी चालले. तासाला दीड युनिट धरल्यास दिवसाचे ३ युनिट, १२० दिवसांचे ३६० युनिट. युनिटला ८ रुपये धरल्यास वर्षाची बचत २,८८० रुपये. सफेदीचा खर्च एवढ्यातून सहज भरून निघेल. संपूर्ण थराचा खर्च एक-दोन वर्षांत फिटेल असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यास अनेक वर्षे लागतील.

परंतु माझा मुद्दा येथेच सुरू होतो. बरसातीतल्या मुलांकडे वातानुकूलन यंत्र नव्हतेच. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याची विजेची बचत शून्य आणि त्याची गरज मात्र सर्वाधिक. विजेच्या देयकावरच छताचे मोल ठरविले तर ज्यांना छताची सर्वांत जास्त आवश्यकता आहे, ते हिशेबातून बाहेर पडतात. त्यात आणखी एक अडचण अशी की खर्च मालकाने करावयाचा आणि गारवा भाडेकरूने भोगावयाचा. खालच्या मजल्यांचे मालक म्हणतात, आम्हांला उकडत नाही. वरचा म्हणतो, इमारत सर्वांची. भाडेकरू तर अकरा महिन्यांचा पाहुणा. छत सर्वांचे आणि ऊन मात्र वरच्याचे, अशी ही व्यवस्था आहे.

कायद्यानेही हा प्रश्न अजून पुरता हाती घेतलेला नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली; तीत निवासी इमारतींच्या छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे, असा दंडक आहे. दंडक उत्तम आहे, परंतु ती संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींचा विचार करते. करोल बागेतील आमचे बहुतेक भूखंड त्याहून कितीतरी लहान. म्हणजे जेथे दाटी अधिक, तेथे संहिता पोहोचत नाही.

म्हणून जे कायदा करीत नाही, ते आपण व्यवहारातून करावे, असे मला सुचवावेसे वाटते. गृहकर्जाच्या मूल्यांकन अहवालात ‘छतावर उष्णतारोधक थर आहे काय?’ असा एक रकाना असावा. रकाना असला की प्रश्न विचारला जातो, आणि प्रश्न विचारला गेला की बांधणारा जागा होतो. घरदुरुस्तीच्या कर्जासाठी येणाऱ्या ग्राहकास आमच्या सहकाऱ्यांनी फरशी आणि रंगाबरोबर छताचीही आठवण करून द्यावी. भाड्याने देणाऱ्या खातेदारांनी उन्हाळ्यापूर्वी निदान सफेदी करण्याची अट स्वतःच करारात लिहावी. मजल्यांच्या मालकांनी छताचा खर्च जिन्याच्या आणि पाण्याच्या टाकीच्या खर्चाप्रमाणे वाटून घ्यावा. कारण गळणारे, भेगाळलेले छत अखेरीस सगळ्याच मजल्यांची किंमत उतरविते.

नांदेडचा तो मुलगा अजून बरसातीतच आहे. पहिला प्रयत्न हुकला, दुसऱ्याची तयारी चालू आहे. २०२५ च्या जूनमध्ये एका रात्री मी पुन्हा वर गेलो आणि त्याच खुर्चीवर उभा राहून छताला हात लावला. छत कोमट होते, चटका बसला नाही. तो पुस्तकातून मान वर करून म्हणाला, “काका, यंदा झोप लागते.” ऊन कमी झाले नव्हते, कूलर तोच होता. माझ्या विक्रीखतातील हक्कासोबत येणारे कर्तव्य तेवढे उशिरा का होईना, पार पडले होते. आपल्या नावावर छत असेल तर, वाचकहो, येत्या उन्हाळ्याआधी एकदा रात्री वर जाऊन त्याला हात लावून पाहावा, ही नम्र विनंती.